लसूण, दारूहळद आणि बीएस्सी मायक्रो: एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीची बारावी पीसीबीने झाली, नीटचा स्कोअर कमी आला, आणि ती म्हणतेय मला झाडपाल्यातून बॅक्टेरिया मारणारी औषधं शोधायचीत, मायक्रोबायोलॉजीला जाते. आणि घरचे म्हणतायत, आजीबाईचा बटवा शिकून पोट भरणारे का?

ताई, यात खरी मेहनत केमिस्ट्रीची आहे. लसणाचंच बघा, अख्ख्या पाकळीत बॅक्टेरिया मारणारं ॲलिसिन जवळपास नसतंच, ठेचली की एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ॲलिन नावाच्या घटकावर काम करतं आणि मग ते बनतं, आणि बॅक्टेरियाच्या एन्झाइममध्ये सल्फर असलेले जे भाग असतात त्यांना धरून त्यांचं काम बंद पाडतं. ओव्यातला थायमॉल वेगळ्या वाटेने जातो, तो पेशीचं पटलच गळकं करतो.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती दारूहळदीची गोष्ट. तिच्यातलं बर्बेरिन बॅक्टेरियात शिरतं खरं, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या बॅक्टेरियाकडे नोर-ए नावाचा पंप असतो, तो त्याला परत बाहेर फेकतो. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की याच जातकुळीतल्या बर्बेरिस झाडांत दुसरंही एक संयुग असतं, ते एकटं बॅक्टेरियाला काही करत नाही पण हा पंप अडवतं, मग बर्बेरिन आत साठत जातं. हे वाचून तुमच्या मुलीचे डोळे चमकले तर समजा आवड खरी आहे!

पण लॅबमधल्या प्लेटवर बॅक्टेरिया मेले म्हणजे औषध झालं असं नाही, शरीरात तेवढा डोस पोचायला हवा आणि आपल्या पेशींना त्रास नको, बरीच संयुगं तिथेच अडकतात.

आता पोटाचं. नुसत्या बीएस्सीवर फार्मा किंवा फूड कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम मिळतं, पण सुरुवातीचा पगार बेताचाच. संशोधन करायचं तर एमएस्सी, पीएचडी आलीच. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये फेलोशिप असते, आणि पुण्यात एनसीएल, आघारकर अशा संशोधन संस्था आहेत. बीएस्सीला मायक्रोसोबत केमिस्ट्री मिळेल असंच कॉलेज बघा, ती सोडू देऊ नका. सीईटी दिली असेल तर बी.फार्मही चांगलं, तिथे फार्माकॉग्नसी म्हणजे वनस्पतींतल्या औषधांचाच विषय असतो.

ॲडमिशनआधी एकदा तिला जवळच्या कॉलेजच्या मायक्रो लॅबमध्ये नेऊन आणा, तिथला वास, तासन्‌तास मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) बनवणं, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, सगळं बघू दे, आणि मग ती काय म्हणते ते मला कळवा.