खोडरबर बाजूला ठेवल्यावर

"मॅडम, शाळेत गणितात पैकीच्या पैकी. आठवीच्या शिष्यवृत्तीत जिल्ह्याच्या यादीत नाव. आणि ह्या पेपरात तीसपैकी चार गणितं! पोरीचं काही बिनसलंय का?"

दापोलीला मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी दर वर्षी दोन-तीनदा तरी ऐकते. हे वडील 2024 च्या ऑक्टोबरात आले होते. अंजर्ल्याकडचं कुटुंब. नारळ-सुपारीचं आगर, हंगामात पर्यटकांसाठी दोन खोल्या. मुलगी नववीत. (पालकांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.)

पेपर होता आयओक्यूएमचा, म्हणजे गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या पहिल्या पायरीचा. तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण. पर्याय दिलेले नसतात, उत्तर दोन अंकी संख्येत भरायचं. तारीख 8 सप्टेंबर, चतुर्थी आदल्याच दिवशी. घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्री भजन, आणि ही माळ्यावर वही घेऊन. सकाळी गणपतीला नमस्कार करून बापलेक दूरच्या केंद्रावर गेले. आल्यावर पडवीत पाय ठेवायच्या आत सगळ्यांनी एकच विचारलं, "किती सुटली?"

त्यानंतर दर रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. रविवारीच तिच्या ऑनलाइन क्लासची चाचणी असायची आणि दुपारी ग्रुपवर क्रमवारीची यादी पडायची.

वडिलांची कळकळ खरी होती. "आमच्या शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे," ते म्हणाले. "1899 साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत बरोबरीने पहिले आले. त्या काळात! आपल्या मातीत आहे हो गणित." मुलगी खाली बघत होती. हे वाक्य तिने घरी किती वेळा ऐकलं असेल, ते तिच्या मानेवरून कळत होतं.

तिची वही मी मागून घेतली. अक्षर मोत्यासारखं, पण पानं जागोजागी खरवडलेली. काही ठिकाणी कागद इतका पातळ झालेला की मागचं दिसत होतं. "चुकलं की खोडते," ती म्हणाली. "शाळेत वही स्वच्छ लागते ना."

मला जे शोधायचं होतं ते तिथेच सापडलं. शाळेतलं गणित बहुतेक वेळा ओळखीचं असतं: प्रकार ओळखा, रीत लावा, पायऱ्या मांडा. त्यात अडखळणं म्हणजे अभ्यास कमी पडणं, असं मूल शिकतं आणि ते फारसं चूकही नाही. स्पर्धेच्या गणितात मात्र रीत कोणती हेच शोधायचं असतं. तिथे अडून बसणं हाच कामाचा मोठा भाग. हुशार मुलाला त्याची सवय नसते, कारण ते आजवर कधी अडलेलंच नसतं. वर ही तर अडलेल्या जागा खोडूनच टाकत होती.

पुढच्या भेटीत मी तिला कागद आणि पेन दिलं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. माझं शिक्षण गणितातलं, त्यामुळे एक जुनं गणित आठवणीत होतं: फळ्यावर 1 ते 10 लिहा. कोणत्याही दोन संख्या पुसा आणि त्यांचा फरक लिहा. असं करत करत शेवटी एकच संख्या उरते. ती शून्य असू शकेल का?

तिने करून बघितलं, उरले 1. पुन्हा केलं, 3. मग 1, मग 5. पंचवीस मिनिटं गेली. "नाही येत मला," म्हणाली, आणि हात सवयीने खोडरबर शोधू लागला.

"आतापर्यंत काय काय आलं ते वाच."

"एक. तीन. एक. पाच..." ती थांबली. कागद स्वतःकडे ओढला. "सगळ्या विषमच येतायत."

"का?"

उत्तर त्या दिवशी आलं नाही, मीही दिलं नाही. बाहेर बसलेल्या वडिलांनी दोनदा दारातून डोकावलं. चार दिवसांनी तिच्या आईच्या फोनवरून कागदाचा फोटो आला. 1 ते 10 ची बेरीज 55, विषम. दोन संख्या पुसून त्यांचा फरक लिहिला की बेरीज लहान संख्येच्या दुपटीने कमी होते. म्हणजे दर वेळी समच घटते, बेरीज विषम ती विषमच राहते, आणि शून्य तर सम. वर तिचे चारही फसलेले प्रयत्न तसेच होते, त्यांतल्या 1, 3, 1, 5 भोवती गोल काढलेले. ते खोडले असते तर तिला हे दिसलंच नसतं.

आईवडिलांशी मी वेगळी बसले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. दोन दिवसांत सहा गणितं, रोज तीन, त्यासाठी रोज साडेचार तास. म्हणजे एका गणिताला दीड तास! आणि तिथे येतात देशोदेशींची निवडक सहा-सहा मुलं. 2024 साली त्यांच्यातही 42 पैकी 29 गुणांना सुवर्णपदक होतं आणि 16 ला कांस्य. वडिलांनी मनात हिशेब केला. "अडतीस टक्क्यांना पदक?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आईचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, हे सगळं बंदच केलं तर?"

बंद करणं हा पळपुटेपणा आहे असं मी मानत नाही. त्याआधी आठवीतल्या एका मुलाला हेच विचारलं होतं: उद्यापासून ही परीक्षा नाही, ही वही कपाटात, कसं वाटेल? त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्याचं आम्ही थांबवलं, आणि योग्यच केलं. या मुलीने मात्र थोडा विचार करून सांगितलं, "परीक्षा नको. वही राहू दे."

मग तसंच ठरवलं. रविवारची चाचणी आणि तो ग्रुप बंद. आठवड्याला दोनच गणितं, हवा तेवढा वेळ, पेनाने. घरात "किती सुटली?" विचारायचं नाही, "कुठे अडलीस, दाखव" म्हणायचं. आपल्याला कळत नसलं तरी ऐकायचं. हे वडिलांना फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकले आणि स्वतःहून मला फोन करून सांगितलं. मला त्यांचं कौतुक वाटलं. परीक्षेला पुन्हा बसायचं की नाही ते तिने ठरवायचं होतं. बारावीपर्यंत दार उघडं असतं.

जाता जाता एक सांगते. नावात ऑलिम्पियाड असलेल्या खाजगी परीक्षा खूप आहेत, त्यांची पदकंही घरोघर दिसतात. आयओक्यूएमच्या पायरीवरून पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून देशाचा संघ निवडला जातो, ती वाट वेगळी आणि चढणीची. दोन्हींतले गुण शेजारी मांडून मुलाला बोलू नका.

पोटदुखी दिवाळीपर्यंत कमी झाली, पूर्ण गेली नाही. शाळेच्या सहामाहीच्या आदल्या दिवशी पुन्हा उठली. त्यावर आमचं काम अजून चालू आहे.

डिसेंबरात वडिलांचा फोन आला, खळ्यात सुपारी वाळत घालताना. "मॅडम, पोरीनं नवंच काढलंय. 10 ऐवजी 11 घेतले तर शून्य येतं म्हणे. 12 लाही येतं. 13, 14 ला नाही. दोन येतात, दोन नाही, असं चालतं म्हणाली."

"तुम्हाला पटलं?"

"12 चं मी स्वतः करून बघितलं, इथे खळ्यात खडूनं. एक-दोन, तीन-चार अशा जोड्या लावल्या. सहा वेळा एक आला, मग सगळंच शून्य झालं." मागून तिचा आवाज आला, "बाबा, पुसू नका ते. 15 चं राहिलंय."