रिक्षा जैसलमेरला जरूर न्या, पण वाळूत उतरवू नका

तुमचा बेत वाचला. तिघांनी पुण्याहून रिक्षा घेऊन जैसलमेर गाठायचं, तिथून सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांमधून ती चालवायची आणि या निमित्ताने थरमधल्या एखाद्या गावात पिण्याच्या पाण्याच्या टाक्यासाठी पैसे उभे करायचे. बेत मनापासून आवडला. टेकड्यांचा भाग तेवढा काढून टाका.

तिकडच्या कच्च्या वाटांवर जीप आणि ट्रॅक्टरने दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात. रिक्षाला लागतात तीन. पुढचं चाक नेमकं मधल्या भुसभुशीत उंचवट्यावर चढतं, हँडल हिसका मारतं, आणि इंजिनाचं वजन मागे असल्याने मागची छोटी चाकं जागच्या जागी फिरत खोल जातात. टायरमधली हवा कमी केली तर थोडा फरक पडतो, पण पुन्हा डांबरावर येण्याआधी ती भरावी लागते.

याहून मोठं कारण पाण्याचं आहे. टाकं म्हणजे जमिनीखालची गोल टाकी. तिच्याभोवतीची जमीन उतार देऊन, चोपून, झाडून ठेवलेली असते. तिला तिकडे आगोर म्हणतात. पावसाचं पाणी त्यावरून वाहत टाक्यात उतरतं आणि घरं पुढे कित्येक महिने तेच पितात. बाहेरच्या माणसाला मात्र ती नुसती मोकळी, कडक जमीन दिसते, गाडी वळवायला अगदी सोयीची. तिथे ऑइलचे चार थेंब सांडले की ते पुढच्या पावसात थेट पिण्याच्या पाण्यात. ज्यांच्या पाण्यासाठी निघालात त्यांच्याच आगोरावर चाक जाऊ नये, म्हणून डांबर सोडू नका.

डांबरावर रिक्षा उत्तम चालते. २००६ पासून सुरू असलेल्या ‘रिक्षा रन’मध्ये परदेशी मंडळी मदतनिधी गोळा करत जैसलमेर ते कोचीसारखी अंतरं रिक्षाने कापतात. तुम्ही जैसलमेर–पोखरण–जोधपूर धरा. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. याच पट्ट्यातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि आपलं इंजिन हवेवर थंड होणारं. अंधार पडल्यावर चालवू नका, गाई आणि उंट रस्त्यावरच असतात.

क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या नव्या केबल निघण्याआधीच जुन्यांच्या शेजारून ओढून, बांधून ठेवा. तुटली तर फक्त टोकं बदलायची, रस्त्याच्या कडेला तासभर खपावं लागत नाही. एअर फिल्टर रोज संध्याकाळी उघडून बघा, पिठासारखी धूळ निघेल.

प्रवासी रिक्षाचं परमिट ठरावीक हद्दीपुरतं असतं. तात्पुरत्या परमिटसाठी आरटीओत वेळेत जा आणि त्या प्रवासात विमा लागू राहील ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

आता पैसे. पेट्रोल, राहणं, दुरुस्ती तुमच्या खिशातून. देणगीदाराचा रुपया तुमच्या खात्यातून फिरताच कामा नये, तो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. जोधपूरची ‘ग्रॅव्हिस’ १९८३ पासून थरमध्ये टाकी आणि खडीनांचं, म्हणजे शेतात पावसाचं पाणी अडवणाऱ्या बांधांचं, काम करते, त्यांच्याशी बोला. संस्था कोणतीही असो, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी तपासा. जुन्या करप्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे लोकांना आधीच सांगा. अमेरिकेतल्या ज्या नातेवाइकांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय, त्यांची देणगी परदेशी धरली जाते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी.

रिक्षाचा खरा उपयोग चहाच्या टपरीवर होतो. एमएच-१२ ची पाटी बघून माणसं आपणहून जवळ येतात, विचारतात. संस्थेचं हिंदी पत्रक आणि क्यूआर कोड हाताशी ठेवा, आणि त्या गप्पांना वेळ मिळेल असे रोजचे टप्पे छोटे आखा. गाव आणि टाक्याची जागा संस्थेलाच ठरवू द्या. बघायला जाल तेव्हा रिक्षा डांबरी रस्त्यावर लावा आणि शेवटचं अंतर त्यांच्या कार्यकर्त्याबरोबर चालत जा.