माझ्या अरबी घोडीची सेरेबेलर ॲबायोट्रॉफीची (लहान मेंदूच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी ‘वाहक’ आली. तिची पैदास बंद करू का?

नका करू. वाहक घोडीत जनुकाची एकच प्रत सदोष असते, ती आजारी नसते आणि या आजाराने कधी पडणारही नाही. फक्त तिला लावाल तो नर चाचणीत ‘मुक्त’, म्हणजे एकही सदोष प्रत नसलेला, आलेला हवा. ‘नर ठणठणीत दिसतोय, चाचणी कशाला?’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आम्ही फिरलो नाही.

आमचं शिंगरू जन्मलं तेव्हा अगदी चोख होतं. तिसऱ्या महिन्यात दाण्याच्या घमेल्याकडे तोंड नेताना त्याची मान थरथरायला लागली. निवांत उभं असलं की काही नाही, कशाकडे तोंड न्यायला गेलं की थरथर. पुढचे पाय कवायतीतल्या शिपायासारखे उचलायचं. डोळ्यापुढे अचानक हात नेला तरी पापणी लवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी डोकं आपटलंय. दोन महिने मी कुंपणाचे खांब तपासत हिंडलो! शेवटी आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवले. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. यात लहान मेंदूतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पुर्किन्ये पेशी मरत जातात, औषध नाही. मान वर केली की ते मागे कोसळायचं. आठव्या महिन्यात त्याला कायमचं झोपवावं लागलं.

नराच्या मालकाला फोन केला. ‘आमच्या रक्तात असलं काही नाही, तुमच्या घोडीकडून आलं असेल.’ अहो, एक प्रत आईची, एक बापाची. एकटी घोडी हा आजार देऊच शकत नाही. माझ्या शिंगराचा अहवाल हाच तुमच्या नराचा अहवाल! ‘आधीची तीन शिंगरं चांगली निघाली’ म्हणे. दोघं वाहक असले तरी प्रत्येक खेपेला बाधित शिंगराची शक्यता २५ टक्केच असते, तीन चांगली निघूच शकतात. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ही चाचणी २००८ पासून होते, म्हणजे माहीत नव्हतं ही सबब चालत नाही.

ती मलाही चालत नाही म्हणा. घोडीची चाचणी मी तरी कुठे केली होती?

आणि हो, या अहवालावरून बाकीचे आजार कळत नाहीत. अरबींमधल्या एससीआयडी (शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसणं) आणि लॅव्हेंडर फोल सिंड्रोम (शिंगराच्या मज्जासंस्थेचा जीवघेणा आजार) यांच्या चाचण्या वेगळ्या, त्याही करा. मुक्त नराकडूनही तुमच्या घोडीची निम्मी शिंगरं वाहक निघू शकतात. विकताना अहवालाचा कागद घेणाऱ्याच्या हातात द्या, फोनवर सांगू नका.