नोकरी-संसार सांभाळून ख्रिस्ती मठातल्यासारखी प्रार्थनेची शिस्त पाळता येते का?
येते. मी मूळचा वसईचा, नोकरीनिमित्त इंदूरला. सकाळी पोहे करायच्या आधी वीस मिनिटं स्तोत्रं, झोपण्यापूर्वी रात्रीची प्रार्थना. एवढंच, पण वेळ ठरलेली. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत 73 प्रकरणं आहेत. त्यातलं 43वं म्हणतं, प्रार्थनेची खूण ऐकली की हातातलं काम तसंच सोडून निघा. मला हेच सर्वांत कठीण गेलं आणि यातूनच सर्वांत जास्त मिळालं. मठाशी रीतसर जोडून घ्यायचं असेल तर ऑब्लेट, म्हणजे मठाच्या नियमाला धरून जगायचं वचन देणारा सदस्य, होता येतं; त्यासाठी घर सोडावं लागत नाही. मठातले प्रार्थनेचे सगळे प्रहर मात्र एकदम धरू नका, आणि वेळ घरच्यांना विचारूनच ठरवा. मुलांच्या डब्याच्या वेळेला अजिबात नको.