आजीची पत्री आणि वाळवंटातली फुलं

चिनू,

परवा फोनवर तू मला बरोबर कोंडीत पकडलंस. ‘तिकडे वाळवंटात एवढी फुलं होती, तरी तू एक तोडलं नाहीस. मग आजी गणपतीला टेकडीवरून पत्री खुडून आणते, ते चूक का?’ आजी शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा मी विषय बदलला. आता सांगते.

आम्ही गेलो होतो ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातलं अँझा-बोरेगोचं वाळवंट. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे जेमतेम १५०. त्यातला बराचसा थंडीत पडतो, म्हणून आपली रानफुलं भाद्रपदात तर तिथली मार्चमध्ये. एरवी बी वाळूत वर्षानुवर्षं पडून असतं. अनेक बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती चार थेंबांनी धुतली जात नाहीत. साधारण २५ मिलिमीटरचा दणका बसला तरच बी जागं होतं. मग उगवणं, फुलणं, बी धरणं, सगळं ऊन तापायच्या आत उरकायचं. तिथे फूल तोडलं की त्याचं बी गेलं, म्हणून तोडायला बंदीच आहे. आपल्या कासच्या पठारावर तरी कुठे तोडू देतात?

मला सगळ्यात आवडलं ते वाळूवरचं पांढरं प्रिमरोज. संध्याकाळी उमलतं, पाकळी टिश्यूपेपरसारखी पातळ. सकाळी ऊन चढलं की गुलाबी पडून मिटतं. पानांवर बोटाएवढे सुरवंट चरत होते. त्यांना कुठली आलीय बंदी!

आता आजीची पत्री. एकवीस नावं तिला तोंडपाठ आहेत, पण टेकडीवरून ती आणते काय? आघाडा, दुर्वा, माका, कधी धोत्र्याचं पान. सगळं रस्त्याकडेला माजणारं. त्यातही ती पानं खुडते, मूळ उपटत नाही. आणि आघाडा काही लेचापेचा नाही. त्याचं काटेरी बी तुझ्या मोज्यांना चिकटून घरी येतं, आठवतंय? तो तसाच पसरतो. त्यामुळे आजीचं मूठभर खुडणं मला मुळीच चूक वाटत नाही. उलट त्या निमित्ताने तिला टेकडीवरचं झाड न् झाड ओळखू येतं.

मंडईत पत्री म्हणून पोत्यांनी येणारा पाला मात्र मला पटत नाही. कुठून ओरबाडलेला असतो देव जाणे, आणि अर्ध्या पानांची नावं विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात. हे आजीलाही सांग, ती खूश होईल.

यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर टेकडीवर जा. विष्णुक्रांता शोध: जमिनीलगत पसरते, शर्टाच्या बटणाएवढं निळं फूल. सकाळीच जा, दुपारी ते मिटतं. सापडली तर खुडायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मला फोटो पाठव.

– आई