डायबेटिसच्या क्लासला जाऊन खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) ८.४ आलंय, डॉक्टर म्हणतायत चार रविवारांचा पेशंट लोकांसाठीचा क्लास करा, आणि सगळं मोबाईलवर मिळतं तर रविवार कशाला घालवायचे. मी पण नाशिकचाच, इंदिरानगरला राहतो, सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, डायबेटिस ९ वर्षांपासून. असा क्लास मी दोन वर्षांपूर्वी केला. नक्की जा.

मीटर माझ्या घरात आधीपासून होतं, पण मी फक्त सकाळची उपाशीपोटीची बघायचो, १२५-१३० आली की निर्धास्त. एचबीए१सी मात्र दर वेळी ८ च्या वर, मला वाटायचं लॅबवाल्याचंच काहीतरी चुकतंय. क्लासमधल्या मॅडमनी पहिल्याच रविवारी गृहपाठ दिला, रोज कुठलंही एक जेवण धरायचं, त्याच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा शुगर बघायची आणि शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. माझा रोजचा नाश्ता म्हणजे ताटलीभर पोहे आणि चहा, आधी १२८, नंतर २३६! आणि बाजरीची एक भाकरी, मटकीची उसळ, काकडी खाल्ली त्या दिवशी १३१ वरून १६८. जेवणानंतर साधारण १८० च्या आत ठेवा असं बऱ्याच जणांना सांगतात, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. पण पोहे कमी खा हे मला आधी दहा जणांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, माझ्याच वहीत तो २३६ बघितल्यावर मात्र अर्धी ताटली पोहे आणि जोडीला मोड आलेले मूग हे माझं मीच ठरवलं. मोबाईलवर हे होत नाही हो, तिथं कोणाच्यातरी दुसऱ्याच्याच शुगरबद्दल लिहिलेलं असतं.

आणि टेस्टच्या आधी हात धुवायचे, आपल्याकडे द्राक्षांच्या सीझनला तर नक्कीच, बोटाला रस लागलेला असला की आकडा भलताच वर येतो. सुई बोटाच्या शेंड्यावर नाही, कडेला टोचायची, दुखत नाही.

शुगर कमी होणं मला माहीतच नव्हतं. मी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेतो, नाइट शिफ्टला एकदा गोळी घेतली आणि मशीन बंद पडल्यामुळे डबा राहिला, तासाभरात दरदरून घाम, हात थरथरायला लागले, समोरचं धूसर. मित्राने धावत जाऊन पेढा आणला, तरी बराच वेळ बरं वाटेना. क्लासमध्ये कळलं की पेढ्यातल्या खव्याच्या फॅटमुळे साखर रक्तात सावकाश जाते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटं थांबून परत बघायची, अजून कमी असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की मग जेवायचं. आता ग्लुकोज पावडरची पुडी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात असते आणि ती कशासाठी आहे हे लाइनवरच्या दोघांना सांगून ठेवलंय.

पण खरं शिकवलं ते बरोबरच्या पेशंट लोकांनी. पंचवटीच्या एक काकू होत्या, कित्येक वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या, दुखत नाही म्हणून पोटावर एकाच जागी टोचायच्या. तिथं सुपारीएवढी कडक गाठ झालेली, त्यात गेलेलं इन्सुलिन नीट लागूच पडत नव्हतं, आणि डोस मात्र वाढत चाललेला. मॅडमनी जागा बदलायला सांगितली आणि आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या असंही बजावलं, कारण चांगल्या जागी तेवढंच टोचलं तर शुगर एकदम पडू शकते.

आणि एक काका, दर चैत्रात वणीला अनवाणी चालत जाणारे. डायबेटिसमुळे पायाची जाणीव गेलीय का हे बघायची टेस्ट होती, नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटून सांगायचं कळलं का. मॅडम टेकवत होत्या, आम्ही सगळे बघत होतो, आणि काका डोळे मिटून म्हणाले, "लावा ना ताई, केव्हा लावताय?" वर्गात कोणी बोललं नाही. तेव्हापासून मी रोज रात्री आरसा धरून तळवे बघतो आणि बूट घालायच्या आधी झटकतो.

हे काही नवीन फॅड नाही, इंग्लंडमध्ये टाइप २ वाल्यांना डेसमंड नावाच्या सहा तासांच्या क्लासला पाठवतात, आणि टाइप १ साठी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांच्यासाठी, डॅफ्ने नावाचा पाच दिवसांचा आहे, तो मूळ जर्मनीतल्या पद्धतीवरून घेतलेला.

फक्त एक सावधगिरी. याच्या आधी मी एका हॉलमध्ये फुकटच्या डायबेटिस शिबिराला गेलो होतो, अर्धा तास भाषण आणि मग पावडरचे डबे, तीन महिन्यांत गोळ्या बंद म्हणे. डबा घेतला, गोळ्या सोडल्या, शुगर ३०० च्या वर गेली. जिथं गोळ्या बंद करा म्हणतील तिथून सरळ उठून या. विचारून घ्या की शिकवणारं कोण आहे, आहारतज्ज्ञ किंवा ट्रेनिंग घेतलेली नर्स आहे का, आणि प्रश्न विचारायला वेळ देतात का.

क्लासनंतर सहा महिन्यांनी माझं एचबीए१सी ७.२ आलं, सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चालणं पण त्यात धरा. जाताना मीटर, गोळ्यांची पाकिटं आणि घरात स्वयंपाक जे करतं त्यांना सोबत न्या, माझी बायको तिसऱ्या रविवारी आली आणि मला वाटलं पहिल्याच दिवशी आणायला हवी होती.