चंद्र चुकत नाही, मॅडम

"पाळी सुरू होऊन वर्ष व्हायला आलं, पण महिन्याच्या महिन्याला काही यायली नाही. पिशवीत खोट तर नसंल ना?"

हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारी आई असते, मावशी असते, एखादवेळी वर्गशिक्षिका. मुलगी शेजारी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी असते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे, तिथं मी समुपदेशक आहे. या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर चार वाक्यांत संपतं. एका घरात मात्र ते पोचवायला मला कितीतरी दिवस लागले, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती.

नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. घरी तिला थोरली म्हणतात. आपणही तेच म्हणू.

दसरा झाला होता. गावात ऊसतोडीच्या टोळ्या जमायला लागल्या होत्या, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन खर्चूनही झाली होती. आठ-दहा दिवसांत थोरलीचे आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जाणार होते. त्याआधीची कामं उरकावीत तशी आई तिला घेऊन आली. "तेरावं सरत आलंय. मागच्या दिवाळीच्या पुढं न्हाण आलं. मग दीड महिन्यानं. मग कधी लवकर, कधी उशीर. आता दोन महिने होऊन वर दहा-बारा दिवस झाले, पत्ताच न्हाई. उद्या स्थळवाल्यानं इचारलं तर काय सांगावं?"

'स्थळ' हा शब्द मी वहीच्या कोपऱ्यात वेगळा लिहून ठेवला. अठराच्या आत लग्न गुन्हा आहे हे मी बोलले, तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "माझीबी अशीच खराब होती. अठ्ठाविसाव्या वर्षी काढून टाकली." दुखरी दाढ काढल्याचं सांगावं त्या आवाजात.

बीडबाहेरच्या वाचकासाठी इथं थोडं थांबावं लागेल. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. उसाच्या फडात पाळीसाठी ना आडोसा, ना पाणी. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला "काढून टाका, कटकट मिटेल" हे फार सहज सांगितलं गेलं. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या मनात पिशवी म्हणजे काय असणार? शरीरातली एक जागा, जी कधीतरी नासते आणि मग काढावी लागते.

थोरली गप्प होती. आईला बाहेर बसवलं, तरी गप्प. मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. जुलैत मी तिच्याच शाळेत सातवी-आठवीच्या मुलींचा वर्ग घेतला होता. निसर्गातून पाळी समजावून सांगायची, ही माझी आवडती पद्धत. शरीराचं चित्र फळ्यावर लावलं की मुली माना खाली घालतात, चंद्राचं लावलं की वर बघतात. म्हणून मी अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा तक्ता करून नेला होता. चंद्र कलेकलेनं वाढतो तसं पिशवीच्या आतलं अस्तर वाढतं, मग उतरतं, मग पुन्हा नवं. मुलींना फार आवडलं होतं. मलाही.

"तुला तो चंद्राचा तक्ता आठवतो का?" मी विचारलं.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "आठवतो ना. मी रोज बघते. चंद्र चुकत नाही, मॅडम. माझंच चुकायलंय."

जुलैपासून ती अंगणात उभी राहून चंद्राशी स्वतःला ताडून बघत होती. तिला धीर यावा म्हणून दिलेल्या तक्त्यावर ती रोज नापास होत होती. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, हजारो वर्षं तेच. तेरा वर्षांच्या मुलीचं शरीर तसं चालत नाही, आणि चंद्राचा पाळीशी संबंध फक्त उपमेपुरता, हे वाक्य मी त्या दिवशी वर्गात म्हटलंच नव्हतं. उपमा इतकी छान वाटत होती की तिला गालबोट लावावंसं वाटलं नाही.

मी घाईघाईनं दुसरी उपमा काढली. "अगं, पावसासारखं समज. कधी मृगात येतो, कधी आर्द्रापर्यंत वाट बघायला लावतो." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "पाऊस नाही आला की आई-पप्पा लवकर जातेत." संपलं. मराठवाड्यात पावसाची उपमा कुणी द्यावी! वीस वर्षं इथं राहून मी ती दिली.

त्या दिवशी एकच काम धड झालं. दोन महिन्यांवर गेलं होतं म्हणून मी तिला शेजारच्या खोलीत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेलं. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही, पण हिमोग्लोबिन ९.६ आलं. या वयात ते किमान १२ असायला हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मोरीत टाकत होती, कारण तिनं 'शी काळी होते'. होते काळी, त्यात घाबरायचं काही नसतं, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय निघाला होता, म्हणजे ही काही एकटी नव्हे. पाळी लांबण्याचं कारण तेच, असं नाही. पण जिना चढताना धाप का लागते, ते कळलं. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. गोळी चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, एवढं मी सांगितलं.

चार दिवसांनी घरी गेले. आई गाठोडी बांधत होती. आजी बांधावर सीताफळं उतरवत होती, थोरली खाली पाटी धरून उभी. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजीच्या लेखी ते डोंगरातलं आपोआप उगवणारं झाड. मी पाटीतलं एक फळ उचललं आणि काय बोलावं याचा विचार करत होते, तर आजीनंच सुरुवात केली. तिनं नातीला गाजराच्या बियांचा काढा दिला होता, 'उतरवायला'.

"किती दिवस दिला, आजी?"

"तीन सकाळी. काय फरक न्हाई."

निसर्गातून आरोग्यशिक्षण म्हटलं की निम्म्या लोकांना काढाच आठवतो, ही माझी जुनी तक्रार. तीळगूळ खाऊ द्या, पपई खाऊ द्या, ते अन्न आहे. पण पाळी ओढून आणायला उकळलेलं काहीही मुलीला देऊ नका, असं मी आजीला हात जोडून सांगितलं. आजीला ते फारसं पटलं नाही. "मग करावं काय? बसून ऱ्हावं?"

तेवढ्यात माझं लक्ष बांधाच्या टोकाच्या एका झाडाकडे गेलं. कमरेएवढं, पानांनी भरलेलं, फळ एकही नाही. एका फांदीला सुपारीएवढं काळं पडलेलं काहीतरी वाळून चिकटलेलं होतं.

"याला कामून काही नाही, आजी?"

"ती पोर हाय अजून. तिसरं साल. जेठात फुलं अशी लगडली होती, बघत राहावं. टिकलं का एक तरी? समदी गळाली. ते एक धरलं होतं, तेबी वाळून गेलं."

"मग तोडून टाकायचं ना."

आजीनं माझ्याकडे असं बघितलं की मला शिकवायलाच हवं. "तोडायचं कशापायी? झाडाला काय झालंय? मुळी खाली जायचीय अजून. बसली की आपोआप लागंल सुताला."

थोरलीनं पाटी खाली ठेवली. ती त्या झाडाजवळ गेली, वाळकं फळ बोटानं हलवून बघितलं, आणि आजीला म्हणाली, "मग माझीबी मुळी खाली जायचीय?"

त्यानंतर माझं काम सोपं होतं. मी तिला सांगितलं, मेंदू निरोप धाडतो, अंडाशय तो ऐकतं, मग एक बीज पिकतं आणि पुढचं सगळं होतं. पहिली एक-दोन वर्षं या दोघांचं एकमेकांशी जुळत असतं. पुष्कळदा बीज पिकतच नाही, मग अस्तर उशिरा उतरतं, कधी थोडं, कधी जास्त. सुरुवातीच्या या काळात २१ ते ४५ दिवसांच्या अंतरानं पाळी येणं चालतं, आणि पहिल्या वर्षात एखादं अंतर त्याहून लांबलं तरी लगेच रोग समजायचा नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकींचं २१ ते ३४ दिवसांच्या आसपास बसतं.

फळापर्यंत मात्र मी गेले नाही, मुद्दाम. झाड मोठं होतं, फळ धरतं, तशी तूही एक दिवस, असं पुढं नेणं फार सोपं होतं आणि बऱ्याच पुस्तिकांत तसं नेलेलंही असतं. ज्या घरात चार दिवसांपूर्वी 'स्थळ' हा शब्द निघाला, तिथं तेरा वर्षांच्या मुलीला फळाची उपमा द्यायची नाही. मुळाशी थांबले.

मोजायचं कसं, ते तिनंच शोधलं. आजी खाऊन टाकलेल्या बिया वाळवते, कुटून उवांना लावायला. (तेही बंद करायला लावलं. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.) त्यातल्या मूठभर बिया थोरलीनं घेतल्या आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली. पाळी आली त्या दिवसापासून रोज सकाळी एक बी बाटलीत. पुढची आली की बिया मोजायच्या, आकडा कॅलेंडरवर लिहायचा, बाटली रिकामी करून पुन्हा पहिली बी. मी खुणा ठरवून दिल्या. पंचेचाळीसच्या वर गेल्या तर मला सांगायचं. नव्वदला पोचल्या, तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा. रक्त सात दिवसांच्या पुढं जात राहिलं, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, तर बिया मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. पंधरावं पूर्ण झालं तरी पाळी सुरूच झाली नाही, तर त्या मुलीलाही डॉक्टरांना दाखवायचं. हे तिनं मैत्रिणींसाठी विचारून घेतलं.

निघताना गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीआड, दोरीवर कापड वाळत घातलेलं दिसलं. ओलसर, अंधारात. मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "बाप्याच्या नजरेला पडू नये." कापड वापरायला माझी ना नाही. सुती असावं, साबणानं स्वच्छ धुतलेलं असावं, आणि कडक उन्हात वाळलेलं असावं. उन्हासारखं फुकटचं जंतुनाशक मराठवाड्यात बारा महिने आहे, आणि आपण तेवढंच लपवून ठेवतो. आजीनं दोरी हलवली नाही. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा कापड पत्र्यावर होतं, वरून जुनी पातळ ओढणी टाकलेली. ऊनही लागतंय आणि नजरही नाही. तोडगा तिचा.

थोरलीला कार्तिकात पाळी आली. मग बिया ४४. मग ३७. संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात ती शाळेच्या मधल्या सुटीत बाटली दप्तरात घालून क्लिनिकला आली आणि माझ्या टेबलावर वाजवून दाखवली. हिमोग्लोबिन ११ वर आलं होतं. गोळी आवडत नाही, पण घेते, म्हणाली. शाळेतला चंद्राचा तक्ता मी अजून वापरते. आता त्याच्या शेजारी वर्गातल्याच मुलींची, नाव न घालता लिहिलेली अंतरं असतात: २६, ४१, ३३, ५२. मुली आधी ती वाचतात.

त्याच संध्याकाळी फडातून आईचा फोन आला. थोरलीनं तिला आकडे आधीच सांगितले होते, तरी मी पुन्हा सांगितले. ती "बरं, बरं" म्हणत राहिली. मागं कुणीतरी मोळ्या भरायला हाक मारत होतं. मला वाटलं, फोन ठेवेल.

"मॅडम, ते आंडाशय म्हणता तुम्ही. पिशवी काढली की तेबी काढतेत का?"

"कधी ठेवतात, कधी काढतात. तुमचं काय केलं?"

"कुणाला ठावं. मला अंगातून वाफा निघायच्या, रात्री झोप न्हाई. कंबर तर तवापासूनच."

अंडाशयंही काढली असतील तर इतक्या कमी वयात हाडं लवकर ठिसूळ होतात, त्याची तपासणी आणि औषधं वेगळी असतात. हे सगळं फोनवर कसं सांगायचं? ऑपरेशनचे कागद आहेत का, एवढंच विचारलं.

"फाईल हाय की. घरी, पत्र्याच्या पेटीत."

दुसऱ्या दिवशी मी आजीकडे गेले. पेटी बाजेखाली होती, वर गोधड्या रचलेल्या. आजीनं गोधड्या उतरवल्या, पेटी ओढून बाहेर काढली आणि कुलपावरून हात फिरवून म्हणाली, "किल्ली तिच्याच गळ्यात. पाडव्याला येईल."